ऑनलाइन बिड-लीड सेवेची वर्गणी छोट्या कंत्राटदाराला परवडते का? हिशेब कसा मांडायचा?

टेरेस_रंग (प्रश्न)

वॉटरप्रूफिंग, गिलावा दुरुस्ती आणि रंगकाम करणारी छोटी फर्म आहे. दोन टीम, एक सुपरवायझर, कोटेशन मीच बनवतो. आजवर कामं ओळखीतून आणि जुन्या ग्राहकांच्या सांगण्यावरून मिळत आली, पण दोन्ही टीम सलग चालू ठेवायच्या तर तेवढ्यावर भागत नाही.

ऑनलाइन लीड सेवांचे दोन प्रकार पाहिले. एकात घरमालक फॉर्म भरतो आणि त्याचा नंबर मिळवायला आपण प्रत्येक लीडमागे (म्हणजे संभाव्य ग्राहकामागे) पैसे मोजायचे. दुसऱ्यात महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी भरली की टेंडर नोटिसा, खाजगी प्रकल्पांची कोटेशनची आमंत्रणं आणि ड्रॉइंग रोज ईमेलवर येतात.

वर्गणी वसूल होते की नाही हे कोणत्या हिशेबाने ठरवायचं? फिल्टर कसे लावायचे? आणि आपल्या नेहमीच्या आकारापेक्षा मोठं काम अंगावर घेताना आधी काय तपासायचं? या सेवा वापरणाऱ्यांनी कृपया आकड्यांसह सांगावं.

---

अंदाजपत्रक

वर्गणीचा आकडा डोळ्यात भरतो, पण मोठा खर्च कोटेशन बनवण्यात जातो. तो कुठल्याच बिलावर दिसत नाही म्हणून धरला जात नाही. साइटवर जाणं, मोजमाप, दर मागवणं, टायपिंग, पाठपुरावा हे सगळं मिळून मध्यम दुरुस्तीच्या कामाला सात-आठ तास सहज जातात.

सरासरी एका कामाची रक्कम 100 धरा. माल, मजुरी वजा जाता 22 उरतात. ऑफिस, वाहन, सुपरवायझर यांचे 10. म्हणजे हातात 12. समजा महिन्याची वर्गणी 2 पडते, एका कोटेशनचा खर्च 0.8 पडतो आणि महिन्याला एक काम मिळतं.

6 कोटेशनं दिली तर 4.8 अधिक 2, म्हणजे 6.8 गेले आणि 5.2 उरले. तेच एक काम मिळवायला 12 कोटेशनं दिली तर 9.6 अधिक 2, म्हणजे 11.6 गेले आणि उरले फक्त 0.4. आता दुप्पट महाग, पण नेमकी माहिती देणारी सेवा घ्या. वर्गणी 4, पण 3 कोटेशनांत एक काम मिळालं. 2.4 अधिक 4, म्हणजे 6.4 गेले, 5.6 उरले. महाग सेवा स्वस्त पडली, कारण वाया जाणारी कोटेशनं कमी झाली. म्हणून सेवांची तुलना वर्गणीवरून करू नका. एका मिळालेल्या कामामागे किती तास गेले ते बघा.

आणखी एक. हे 22 टक्के विक्री किमतीवरचे आहेत. खर्चात 22 टक्के मिळवले की किंमत 122 होते आणि त्यातले 22 म्हणजे फक्त 18 टक्के. 22 टक्के खरोखर उरायला हवे असतील तर खर्चाला 0.78 ने भागायचं: 100 च्या खर्चाला 128.2. ही चूक ओळखीच्या कामात खपून जाते, कारण तिथे घासाघीस कमी असते. स्पर्धेच्या कोटेशनात मात्र हाच फरक महिन्याचा नफा घेऊन जातो.

पैसे भरण्याआधी सेवा देणाऱ्याकडे एकच गोष्ट मागा: तुमच्या कामाच्या प्रकारातल्या आणि तुमच्या अंतरातल्या मागच्या 30 दिवसांच्या सगळ्या नोटिसा. डेमोमध्ये दाखवतात त्या निवडक नकोत, सगळ्या हव्यात. त्यातल्या दुबार काढा, मुदत संपलेल्या काढा, तुम्ही पात्रच नाही अशा काढा. मग उरलेल्यांपैकी किती नोटिसा सरकारी संकेतस्थळांवर फुकट दिसतात ते पडताळा. नवी माहिती महिन्याला चार-पाचच उरत असेल तर वर्गणीचे पैसे खाजगी आमंत्रणांसाठीच जातात, आणि तीही तुमच्या भागात पुरेशी हवीत. यादी द्यायला नकार देणाऱ्याची वार्षिक वर्गणी घेऊ नये, घ्यायचीच तर महिन्याची. ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात तो पर्याय शोधून सापडत नाही.

---

पेटी_काँट्रॅक्ट

वरच्या हिशेबाशी पूर्ण सहमत. त्यात एक भर, कारण वॉटरप्रूफिंगवाल्यांना या सेवांचा सगळ्यात मोठा उपयोग जिथे आहे तिथे बहुतेक जण बघतच नाहीत.

नोटिशीवर प्रकल्पाचा टप्पा लिहिलेला असतो: नियोजन, डिझाइन, बिड मागवली, काम दिलं. सगळे 'बिड मागवली' एवढाच फिल्टर लावतात. तुम्ही 'काम दिलं' हाही लावा. इमारतीचं मुख्य काम ज्याला मिळालं तो सेंटरिंग-काँक्रीट स्वतः करेल, पण टेरेस, टॉयलेटचे संकन (खाली घेतलेल्या स्लॅबचे) भाग आणि रंग यासाठी पेटी कंत्राटदार (उप-कंत्राटदार) शोधणारच. तिथे अनामत भरायची नाही, उलाढालीची अट नाही, आणि स्पर्धाही कमी. फक्त घाई करू नका: रंगाचं कोटेशन पायाभरणीच्या वेळी पाठवलं तर ते फाइलमध्ये पडून राहतं. ओळख करून देणारं एक पान आणि पूर्ण केलेल्या कामांची यादी लगेच पाठवा, दर मात्र स्लॅब पडायच्या सुमारास.

दुसरी उपयोगी गोष्ट म्हणजे ड्रॉइंग उचललेल्या मुख्य कंत्राटदारांची यादी. अनेक सेवा ती दाखवतात. एका कामावर सात मुख्य कंत्राटदार बिड भरणार असतील तर मोजमाप एकदाच करा आणि कोटेशन सातही जणांना पाठवा. तास एका कोटेशनचे आणि जिंकणारा कोणीही असला तरी तुम्ही त्याच्या टेबलावर. सगळ्यांना एकच स्कोप (कामाची व्याप्ती) आणि एकच दर द्या. एकाला कमी दर दिल्याचं दुसऱ्याला कळतंच, आणि मग दोघांकडचंही येणं बंद होतं. कोटेशन मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी पोचलं पाहिजे. शेवटच्या संध्याकाळी आलेला दर ते तपासत बसत नाहीत, हातात असलेला आकडा घालून मोकळे होतात.

फिल्टरबद्दल. 'वॉटरप्रूफिंग' एवढाच शब्द टाकून ठेवला तर निम्मी कामं दिसणार नाहीत. गळती, टेरेस दुरुस्ती, मेम्ब्रेन, बेसमेंट, पाण्याची टाकी, संरचनात्मक दुरुस्ती, बाह्य रंगकाम, इमारत देखभाल हे सगळे शब्द टाका, इंग्रजी स्पेलिंगसह. वगळायचे शब्दही तितकेच महत्त्वाचे: 'पुरवठा', 'सल्लागार', 'वाहन', 'भाड्याने'. अंतर किलोमीटरमध्ये न लावता प्रवासाच्या वेळात विचार करा. टीमचा रोजचा दीड तास जाण्या-येण्यात गेला तर आठ तासांच्या दिवसातले जवळपास 19 टक्के काम गेलं, आणि ते दरात धरलेलं नसतं. आकाराला खालची आणि वरची दोन्ही मर्यादा द्या. वरची मर्यादा आजवर पूर्ण केलेल्या सगळ्यात मोठ्या कामाच्या दीडपट ते दुप्पट. दिवसाला साठ ईमेल येत असतील तर फिल्टर ढिला आहे असं समजा, आठवड्याभरात ते उघडणंच बंद होतं.

---

आधी_फोन

लीडमागे पैसे घेणाऱ्या सेवांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या सरसकट वाईट नाहीत. टेरेस गळती, बाथरूम, एका घराचं रंगकाम अशा छोट्या कामांसाठी वर्गणीपेक्षा त्याच सोयीच्या पडतात, कारण दोन मोठ्या कामांच्या मधे टीम रिकामी असेल तेव्हा चालू करता येतात आणि काम भरलं की थांबवता येतात. थांबवण्याची सोय नसलेली योजना घेऊ नका.

तोच नंबर साधारण तीन ते पाच जणांना विकला जातो, हे गृहीत धरून चाला. म्हणून फोन पाच-दहा मिनिटांत गेला पाहिजे. संध्याकाळी निवांत फोन केला तर समोरच्याने दोघांना साइटवर बोलावलेलं असतं. कोटेशन बनवणाराच फोन उचलत असेल आणि तो दिवसभर परांचीवर असेल तर ही सेवा पैसे खाईल. सुपरवायझरला किंवा ऑफिसातल्या कोणाला तरी ते काम नेमून द्या.

फोनवर साइटला जायच्या आधी विचारायचं: घर स्वतःचं आहे का आणि निर्णय कोण घेणार, गळती नक्की कुठे दिसते, वरच्या मजल्यावर काय आहे, याआधी काही ट्रीटमेंट झाली आहे का, काम कधी सुरू करायचं आहे, आणखी किती जणांना बोलावलं आहे. मग चार फोटो मागवा. जो फोटो पाठवतो तो गंभीर असतो. फोटोवरून एक अंदाजाची पट्टी सांगा, इतक्यापासून इतक्यापर्यंत. ऐकून जो मागे सरतो त्याच्याकडची फेरी वाचली.

परताव्याचे नियम आधी वाचा. चुकीचा नंबर, ठरवलेल्या भागाबाहेरचं काम, दुसऱ्याच धंद्याची मागणी, दुबार लीड यांचे पैसे बहुतेक सेवा क्रेडिट म्हणून परत देतात, पण तक्रार ठरावीक दिवसांतच करावी लागते. 'फोन उचलला नाही' किंवा 'काम दुसऱ्याला दिलं' यावर परतावा मिळत नाही. कॉल केल्याच्या वेळेचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि लीड आपोआप स्वीकारण्याची सेटिंग बंद ठेवा, रोजची कमाल मर्यादा घाला. सुट्टीच्या दिवशी दहा लीड खात्यातून वजा झाल्यावर भांडण्यात अर्थ नसतो.

---

टेरेस_रंग

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन शंका. ड्रॉइंगवरून कोटेशन द्यायचं तर साइट न बघता मोजमापावर किती भरवसा ठेवायचा? बीओक्यूमध्ये (कामांच्या परिमाणांच्या यादीत) क्षेत्रफळ दिलेलंच असतं, तेच धरून दर भरला तर चालत नाही का? आणि 'काम नको' हे लवकर कसं ठरवायचं?

---

मोजमाप

बीओक्यूतलं क्षेत्रफळ बिलासाठी असतं. माल किती लागेल हे तुम्हालाच काढावं लागतं, आणि वॉटरप्रूफिंगमध्ये या दोन आकड्यांतलं अंतर मोठं असतं.

12 बाय 8 मीटरची टेरेस घ्या. बीओक्यूत लिहिलेलं असतं 96 चौरस मीटर. मेम्ब्रेनचा (पाणी अडवणाऱ्या थराचा) रोल 1 बाय 10 मीटरचा, म्हणून कोणी 9.6 म्हणजे 10 रोल धरतो. आता ड्रॉइंगचा सेक्शन उघडा. मेम्ब्रेन पॅरापेटवर (टेरेसच्या कठड्यावर) 300 मिलिमीटर वर चढवायची आहे. परिमिती 40 मीटर, म्हणजे आणखी 12 चौरस मीटर. झाले 108. रोल एकमेकांवर बाजूने 100 आणि टोकाला 150 मिलिमीटर चढवायचे असतात, त्यामुळे एका रोलचं उपयोगी क्षेत्र 0.9 गुणिले 9.85, म्हणजे सुमारे 8.87 चौरस मीटर. 108 भागिले 8.87 म्हणजे 12.2. तेरा रोल. पाइपांभोवतीच्या पट्ट्या, कोपरे आणि पाण्याच्या आउटलेटची कापाकापी धरली की चौदा. दहा आणि चौदा यांतला 40 टक्क्यांचा फरक फक्त मालात आहे. पॅरापेटच्या कडेचा वाटा (कोपऱ्यातली गोलाई), प्राइमर आणि वरचा संरक्षक कोबा वेगळाच.

म्हणून आधी 'मोजमापाची पद्धत' हे कलम वाचा. उभ्या भागाचं मोजमाप वेगळं मिळणार असेल तर ठीक. 'दरात सर्व अपटर्न (भिंतीवर चढवलेला भाग), वाटा आणि जोड समाविष्ट' असं लिहिलेलं असेल तर तो सगळा खर्च 96 वर वाटून दर काढायचा. एकक पण तपासा: एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, आणि एकाच बीओक्यूत दोन्ही एककं येतात तेव्हा चूक कोणत्या तरी एका ओळीत घुसतेच.

साइट न बघता दुरुस्तीच्या कामाचा अंतिम दर देऊ नये, हे माझं ठाम मत. नव्या बांधकामाचं कोटेशन ड्रॉइंगवरून देता येतं. जुन्या टेरेसवर खाली किती थर आहेत, जुना कोबा पोकळ वाजतो का, उतार आउटलेटकडे आहे की उलटा, राडारोडा कुठून खाली उतरवायचा आणि लिफ्ट वापरू देतील का, यातलं काहीच ड्रॉइंगवर नसतं. जुने थर काढणं आणि राडारोडा टाकणं कित्येकदा मेम्ब्रेनइतकंच महाग पडतं. जाता येत नसेल तर खाजगी कोटेशनात स्पष्ट लिहा: एकच थर काढणं धरलं आहे, त्यापुढे एक्स्ट्रा आयटेम, पाणी, वीज, परांची कोण देणार, पाणी भरून चाचणी 48 तासांची, पाणी मालकाचं. सरकारी टेंडरमध्ये मात्र स्वतःच्या अटी घुसडू नका, सशर्त म्हणून टेंडर बाद होऊ शकतं. तिथे शंका निविदापूर्व बैठकीत किंवा लेखी विचारायची आणि उत्तर शुद्धिपत्रकात येऊ द्यायचं.

'काम नको' हे ठरवायला वीस मिनिटं पुरतात, जर वाचण्याचा क्रम बरोबर असेल तर. सगळ्यात आधी शेवटची तारीख. पाच दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर सोडा. मग पात्रता: तशाच प्रकारचं किती रकमेचं काम पूर्ण केल्याचा दाखला हवा, उलाढाल किती. इथे बसत नसाल तर पुढचं पान उघडायचंच नाही. मग साइट भेट सक्तीची आहे का आणि ती तारीख उलटून गेली का. मग पैसे: अनामत, रिटेन्शन (प्रत्येक बिलातून राखून ठेवलेली रक्कम), बिल किती दिवसांनी, दोषदायित्व कालावधी (काम संपल्यावर दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत), उशिराचा दंड. ड्रॉइंग सगळ्यात शेवटी. ड्रॉइंग आकर्षक असतात, आधी उघडली की दोन तास गेले आणि मग कळतं की उलाढालीची अट तिप्पट आहे.

ऑनलाइन टेंडर भरताना बाद होण्याची कारणं तीच तीच आहेत. शुद्धिपत्रक न बघणं, त्यावर सही करून न जोडणं, डिजिटल सहीची मुदत संपलेली असणं, फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त, आणि शेवटच्या तासात सर्व्हर न चालणं. नोंदणी, कर, पूर्णत्वाचे दाखले, विमा, यंत्रसामग्रीची यादी हे सगळं स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये, नावं आणि मुदतीची तारीख घालून ठेवा. अपलोड एक दिवस आधी. भरायच्या सकाळी शुद्धिपत्रक पुन्हा एकदा बघा.

---

अंदाजपत्रक

मोठ्या कामाबद्दलचा प्रश्न राहिला आहे, तो सगळ्यात महत्त्वाचा. लीड सेवेतून आकार वाढवणारे कंत्राटदार तोट्याच्या दरामुळे बुडतात त्याहून जास्त खेळत्या पैशाअभावी अडकतात.

तीन महिन्यांचं काम, रक्कम 100, खर्च 78, म्हणजे महिन्याला 26. पहिलं रनिंग बिल (काम चालू असताना झालेल्या कामाचं बिल) महिनाअखेरीला, पैसे 45 दिवसांनी, म्हणजे 75 व्या दिवशी. तोवर अडीच महिन्यांचा खर्च होऊन गेला: 65. हातात येणार 33.3 वजा 5 टक्के रिटेन्शन, म्हणजे 31.7. थोडक्यात, 100 चं काम घ्यायला 65 खिशात हवेत. निम्मा खर्च मालाचा असेल आणि दुकानदार 30 दिवसांची उधारी देत असेल तर हा आकडा 52 वर येतो. यापेक्षा खाली आणायचं तर बिलं पंधरवड्याने घालण्याची अट आधीच मागायला हवी, किंवा मालासाठी आगाऊ रक्कम. वर्क ऑर्डर हातात पडल्यावर यातलं काही मिळत नाही. शिवाय अनामत वेगळी अडकते, आणि रिटेन्शन दोषदायित्व संपेपर्यंत. एका वेळी असं एकच काम घ्या.

आता सेवा कधी बंद करायची. प्रत्येक कोटेशनाची एक ओळ लिहा: कुठून आलं, तास किती गेले, आपली रक्कम, निकाल, जिंकणाऱ्याची रक्कम, आणि काम मिळालं तर शेवटचा प्रत्यक्ष खर्च. सरकारी टेंडरमध्ये उघडलेले दर बघायला मिळतात, खाजगीत फोन करून विचारावे लागतात आणि बरेच जण सांगतात. आपण दर वेळी 20 टक्के वर असू तर स्कोप जास्त धरतोय किंवा ते काम आपल्या प्रकारचं नाही. जिंकलो, पण दुसऱ्या नंबरपेक्षा 10 टक्क्यांहून खाली, तर आनंद करण्याआधी मोजमाप पुन्हा तपासा.

पाच कोटेशनांत एकही काम मिळालं नाही म्हणून वर्गणी बंद करू नका. पाचात एक मिळण्याची तुमची खरी क्षमता असली तरी सलग पाच हुकण्याची शक्यता 33 टक्के असते. दहा हुकण्याची 11 टक्के. पंधरा हुकण्याची साधारण साडेतीन. म्हणजे पंधराव्या कोटेशनापर्यंत एकही मिळालं नाही तर दर, कामाचा प्रकार किंवा सेवा यापैकी काहीतरी नक्की चुकतंय.

---

पेटी_काँट्रॅक्ट

त्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला: मुख्य कंत्राटदाराचं नाव. तीन-चार महिन्यांनी दिसतं की काही जण तुमचा दर फक्त तुलनेसाठी मागवतात आणि काम दर वेळी ठरलेल्या माणसालाच देतात. तीन कोटेशनांवर उत्तरसुद्धा न देणाऱ्याला चौथं पाठवण्याआधी फोन करून सरळ विचारा की या कामासाठी माणूस ठरलेला आहे का. आणि जो वेळेवर बिल देतो त्याचं आमंत्रण तुमच्या फिल्टरमध्ये बसत नसलं तरी वाचा.

---

टेरेस_रंग

समजलं. आधी 30 दिवसांची यादी मागवतो आणि महिन्याच्या वर्गणीवर सुरू करतो, 'काम दिलं' हा फिल्टर पहिल्या दिवसापासून. लीडमागे पैसे घेणारी सेवा टीम रिकामी असेल तेव्हाच, आणि फोन सुपरवायझरकडे. एक राहिलं: कोटेशनचा खर्च 0.8 धरला आहे, तो स्वतःचा कसा काढायचा?

---

अंदाजपत्रक

कोटेशन बनवण्यात गेलेले तास गुणिले तुमच्या जागी पगारी एस्टिमेटर ठेवला असता तर त्याला तासाला पडला असता तो पगार, अधिक साइटवर जाण्या-येण्याचा खर्च, अधिक टेंडर फी आणि प्रिंट. मालकाचा वेळ फुकट धरू नका. अनामत यात येत नाही कारण ती परत मिळते, पण ती जितके महिने अडकते तितक्या महिन्यांचं व्याज धरा.